तीन नंबरचा खुळा

“थांबा गं, थांबा! आता पडेल बघा,” बोकीलवहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जमलेल्या आम्ही सगळ्याजणी टीव्हीकडे बघायला लागलो.

टीव्हीवर लाल शर्टाचा एक इवलासा माणूस पाठीवर पोतं टाकून तुरुतुरु चालला होता. समोर खड्डा आला. पठ्ठ्या थांबला नाही, त्यानं उडी मारली नाही, नाकासमोर चालत गेला आणि धप्पकन खड्ड्यात पडला. बायका खो खो हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले.

“रोज इथेच पडतो मेला,” बोकीलवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “दुपारची मालिका लागायच्या आधी चॅनल फिरवताना सापडला मला. तेव्हापासून तीन नंबर लावला की हा हजर! चालतो बरा, पण उडी म्हणून मारेल तर शपथ.”

“शाळा बुडवून टीव्ही गेम खेळत असेल कुणाचं तरी कार्टं,” फेगडेबाई म्हणाल्या.

“छे हो. कार्टी माकडासारख्या उड्या मारतात. हा चांगला बाप्या माणूस असणार. केबलच्या युसूफला सांगून ठेवलंय मी, कुणाच्या घरातून येतंय ते शोध म्हणून. कळू तरी दे हा खुळा कोण ते!”

तेवढ्यात पोतेवाला पुन्हा सुरुवातीच्या जागी उभा राहिला. चालायला लागायच्या आधी तो जागच्या जागी दोनदा डावीउजवीकडे हलला. घोडागाडीतला घोडा निघण्याआधी हलतो तसा. आणि माझं हसू तिथल्या तिथे सुकलं. तसं दोनदा हलवून मगच निघायची सवय या जगात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस त्या वेळी आमच्या घरी टीव्हीसमोर बसलेला होता. तो खुळा माझा नवरा होता.

हातातली तिळाची वडी मी तशीच रुमालात गुंडाळली. “गॅसवर दूध ठेवून आले बाई,” असं काहीतरी पुटपुटले आणि उठले. उठताना आतल्या खोलीत पेपर वाचणारे डॉक्टर बोकील दिसले. त्यांना तिथून टीव्ही सरळ दिसत होता. बायकांचं हसणं मी एक वेळ सोसलं असतं, त्यांचं बघणं नाही.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगते. आज तीस वर्षं होत आली, पण त्या पौष-माघातलं सगळं मला कालच्यासारखं आठवतं.

आम्ही राहायचो तापीकाठच्या वीज केंद्राच्या वसाहतीत. माझे यजमान प्रल्हाद नेहेते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. भलंमोठं पॅनल असतं तिथे. काटे बघत बसायचं, आणि वेळ आली की बटण दाबायचं. तिथे क्षणाचा उशीर चालत नाही. ह्यांना त्या पॅनलचा भारी अभिमान. दसऱ्याला घरच्या देवांच्या आधी त्या पॅनलला झेंडूचा हार जायचा! त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खाली पाहणीला गेले असताना गरम वाफेचा झोत उजव्या हातावर आला. जीव वाचला, हातही राहिला, पण कातडी ओढली गेली आणि आंगठा आखडून बसला.

डॉक्टर बोकील आमच्या केंद्राच्या दवाखान्याचे. त्यांनी सांगितलं, स्नायू शाबूत आहेत, व्यायाम केला तर हात येईल. दाबायला रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो कपाटावर भिरकावला. माघाच्या शेवटी मेडिकल बोर्ड व्हायचं होतं. पास झाले तर पुन्हा पॅनल. अनफिट ठरले तर नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर क्वार्टरही. बोर्डापुढे रिपोर्ट जायचा तो बोकीलांचा.

आणि हा माणूस काय करायचा? डॉक्टर म्हणायचे, “नेहेते, माझं बोट दाबा.” हे हात नुसता पुढे धरायचे. प्रयत्नसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ हात शालीखाली. पाहुणे आले की शाल, दूधवाला आला तरी शाल. मी संतापायची, मग रडायची, मग पुन्हा संतापायची. मला कारण कळत होतं ना! जोर लावला आणि जमलं नाही, तर ते समोरच्याला दिसेल. तेवढं सोडून ह्यांना कशाचंही भय नव्हतं.

माझा भाऊ भास्कर, त्याची भुसावळला व्हिडिओ लायब्ररी होती. सुट्टीत पोरांना टीव्ही गेम भाड्यानं द्यायचा. एकदा त्याच्या दुकानात बसले असताना ते पांढरं-तपकिरी खोकं माझ्या नजरेस पडलं.

“हे रे काय?”

“अक्का, हे मूळ जपानचं यंत्र. तिकडे दहा-बारा वर्षांपूर्वी घरोघरी होतं. मग त्याची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, आणि आत्ता आपल्या भुसावळला पोचलं,” भास्कर हसत म्हणाला. त्यानं पिवळी कॅसेट काढली, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. “चालत नसलं की फुंकायचं. कॅसेटवर लिहिलंय नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. खरे असतील वीस. तेच तेच रंग बदलून येतात. आणि आत आठवण ठेवायची सोय नाही. बंद केलं की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.”

माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. हातात धरायच्या त्या चपट्या डबीवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण होतं आणि उजवीकडे दोन लाल बटणं.

“डाव्या आंगठ्यानं काय करायचं?”

“चालायचं.”

“आणि उजव्यानं?”

“उडी मारायची. का गं?”

“मला दे हे. पावसाळ्यापर्यंत तरी मागू नकोस.”

भास्कर स्वतः येऊन लावून गेला. दर वेळी टीव्हीमागची केबल काढा, गेमची वायर लावा, ही कटकट नको म्हणून त्यानं तीन तोंडांचा एक जोड बसवला. एक तोंड केबलला, एक गेमला, एक टीव्हीला.

ह्यांच्यापुढे मी हाताचं नावसुद्धा काढलं नाही. आपली एकटीच खेळत बसले आणि मुद्दाम पडत राहिले. शेवटी ह्यांना राहवेना. “अगं, समोर खड्डा दिसतोय ना धडधडीत? आण इकडे!” असं म्हणत डबी घेतली ती घेतलीच. मग रोज दुपारी जेवण झालं की खेळ सुरू. डावा आंगठा चालवायचा, उजवा नुसता बटणावर ठेवलेला असायचा. पोतेवाला चालायचा आणि पडायचा. पण निदान आंगठा बटणावर होता, शालीखाली नव्हता. मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

आणि ही सगळी मौज अख्ख्या ओळीतल्या घरांना दिसत होती!

हळदीकुंकवातून मी धावतच घरी आले. हे खेळतच होते. मी टीव्हीमागे गेले आणि घराबाहेर जाणारी तेवढी एकच वायर होती ती, केबलची, त्या जोडातून ओढून काढली.

“काय करतेस?”

“धूळ किती साचलीये इथे.”

“आत्ता? चांगल्या साडीत?”

“साडीचं काय घेऊन बसलात,” मी म्हटलं आणि पदरानंच टीव्ही पुसायला लागले. ह्यांना सांगावं तर हा माणूस ते खोकं उचलून विहिरीत टाकेल, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून गिळलं सगळं.

दुसऱ्या दिवशी युसूफ दारात आला. “वहिनी, तुमच्याकडे टीव्ही गेम आहे का हो?”

“आमच्याकडे कोण खेळणार बाबा?”

“तेच म्हटलं. कुणीतरी जोड लावून ठेवलाय. गेमचं चित्र टीव्हीत जातं तसं उलटं केबलमध्येपण चढतं. मग तीन नंबरला सगळ्यांकडे दिसतं. केबलचं तोंड काढलं की झालं. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी माणूस शोध!” तो हसत पुढच्या घराकडे गेला. मी दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले.

त्यानंतर तीन नंबर ओस पडला. इकडे आमच्या घरात मात्र निराळंच सुरू झालं. एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते. रोजच्या ठिकाणी रोजचा धप्प आवाज येईल म्हणून कान तयार होते. त्याऐवजी उडीचा ‘टुईं’ असा आवाज आला. मी मान वर केली नाही. मी बघितलं असतं तर ह्यांना हाताची आठवण झाली असती, आणि आठवण झाली की हात थांबायचा. मी निवडत राहिले. नंतर बघते तर काड्या ताटलीत आणि पानं केराच्या टोपलीत.

मग त्या उड्या येत गेल्या. कधी वेळेवर, कधी उशिरा, कधी दिवसभर एकही नाही. पण संध्याकाळी चहा घेताना कप एकदा उजव्या हातात दिसला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

एवढं झालं तरी दवाखान्यात गेले की हात पुन्हा मेल्यासारखा! “दाबा, नेहेते.” नाही. “थोडं तरी.” नाही. घरी परत येताना मी रस्त्यात म्हटलं, “अहो, घरी तर...” तर म्हणाले, “घरचं घरी.”

बोर्ड जवळ आलं. भाजीच्या गाडीपाशी बोकीलवहिनी भेटल्या. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “सिंधू, मनाची तयारी ठेव गं. हे काल म्हणत होते, नेहेत्यांच्या हातात काही उरलेलं नाही. रिपोर्ट तसाच जाणार.”

“उरलेलं नाही म्हणजे?”

“आता मी काय सांगू? माणूस प्रयत्नच करत नाही म्हणतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग वहिनींचा नाही, डॉक्टरांचाही नाही. शालीखाली हात लपवून बसलेल्या त्या हट्टी माणसाचा राग! रोज बरा होतोय, आणि ज्याला दिसायला हवं त्यालाच तेवढं दिसू देत नाही. भाजी घ्यायची विसरून मी घरी आले. डोक्यात एकच चाललं होतं. खुळा म्हणून ज्यांनी बघितलं, त्यांनी आता हेही बघायला पाहिजे.

जेवणं झाली. ह्यांनी डबी हातात घेतली. मी टीव्हीमागे वाकले आणि केबलची वायर परत जोडात खुपसली.

“पुन्हा धूळ?”

“हो. मी जरा बोकीलवहिनींचं राहिलेलं ताट देऊन येते. तुम्ही खेळा. उठू नका.”

“उठू नका काय? मला कुठे जायचंय?”

ताट घेऊन मी जवळजवळ पळतच गेले. डॉक्टर नुकतेच जेवून हात पुसत होते. मी काही न विचारता टीव्ही सुरू केला, तीन नंबर लावला. वहिनी बघतच राहिल्या.

“अगं बाई, हा खुळा परत आला!”

“वहिनी, तो खुळा माझा नवरा आहे,” मी म्हटलं.

त्यांचा हात तोंडावर गेला. मला त्यांची समजूत घालायला वेळ नव्हता.

“डॉक्टर, तुम्ही बोट दाबा म्हणता तेव्हा हे दाबत नाहीत. इथे दाबतात. फक्त बघा. मी बाकी काही मागत नाही.”

डॉक्टर बोकील तिरसट माणूस. पण बसले. पोतेवाला दोनदा जागीच हलला आणि निघाला. खड्डा आला. त्यानं उडी मारली, पलीकडच्या काठाला जेमतेम टेकला आणि खाली घसरला.

“पडला,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“पडू दे. उडी मारली ना?” डॉक्टर पुढे सरकले. “म्हणजे बटण दाबलं. कोणत्या आंगठ्यानं?”

“उजव्या.”

“कशावरून? डावा आडवा आणून दाबत असतील.”

“डावा चालायच्या बटणावर असतो. तो सुटला की माणूस जागच्या जागी वर उडतो, पुढे जात नाही. हा पुढे गेला, तुम्ही बघितलंत. दोन्ही आंगठे एकाच वेळी चालले तरच असं होतं.”

डॉक्टरांनी चष्मा लावला. दुसऱ्या खेपेला पोतेवाला पार झाला. त्यापुढचा खड्डाही पार झाला. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. तिसऱ्या खड्ड्याच्या तोंडाशी आला आणि उभा राहिला.

उभाच राहिला. वरच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे उतरत होते.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“विचार करत असतील,” मी म्हटलं. मला स्वतःलाच ते पटलं नाही. दमला का आंगठा? दुखला? कुणी आलं? आकडे शून्यावर आले, पोतेवाला कोसळला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. खेळ बंद केलेला होता.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. “सिंधूताई, तुमची तळमळ मला कळते. पण टीव्ही बघून रिपोर्ट लिहिता येत नाही मला. बोर्डात माणूस समोर उभा असतो. तिथे ते हात धरूनच बसणार असतील तर मी काय करू?”

“मी काय करू ते तुम्ही सांगा!” मी ओरडलेच. “घरी हात चालतो आणि दवाखान्यात मरतो. मी कुणापुढे डोकं आपटू?”

वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात दाराची कडी वाजली. वहिनींनी दार उघडलं तर हे उभे. मागे खांद्यावर वायरीचं वेटोळं घेतलेला युसूफ, चेहरा पडलेला.

“साहेब, मी आपला लाईन बघत बघत ह्यांच्याकडे गेलो,” युसूफ म्हणाला. “मला काय माहीत...”

“तू जा, युसूफ,” हे म्हणाले. अंगावर शाल नव्हती. वसाहतीतून सगळ्यांच्या दारांवरून हे तसे चालत आले होते. आत आले, टीव्हीतल्या मुंग्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताट दिलंस?”

“दिलं.”

“सगळी ओळ बघत होती म्हणे मला.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“होतं. मध्ये मी वायर काढून टाकली होती. आज पुन्हा लावली. मीच लावली.”

मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांदेखत मला बोलणार. बोलू दे म्हटलं. लग्न झाल्यापासून ह्यांच्या रागाला मी भीत आले होते, त्या दिवशी भ्यायला माझ्यात जागाच उरली नव्हती. पण हे डॉक्टरांकडे वळले.

“खड्ड्यात पडताना बघितलंत?”

“बघितलं,” डॉक्टर म्हणाले.

“हसलात?”

“सुरुवातीला हसलो. आज नाही हसलो.”

ह्यांनी पुढे होऊन टीव्हीचं बटण बंद केलं. उजव्या हातानं केलं.

“मग आता टीव्हीवर काय बघताय? हात इथे आहे.”

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, ह्यांना समोर बसवलं. ओढलेल्या, गुलाबी कातडीचा तो हात त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि आंगठ्याखाली आपलं बोट ठेवलं. नेहमीसारखंच म्हणाले, “दाबा, नेहेते.”

काही झालं नाही. ह्यांच्या कपाळावर घाम आला. दंड थरथरायला लागला. वहिनींनी मान फिरवली. मी फिरवली नाही, मी त्या आंगठ्याकडेच बघत होते. तो हलला, वाकला, डॉक्टरांच्या बोटावर टेकला.

“हं. अजून.”

आंगठ्याचं नख पांढरं पडलं.

“अजून थोडं... हं... बास.” डॉक्टरांचा चेहरा बदलला. “नेहेते, बोर्डापुढे असंच दाबायचं. कळलं? असंच. मी रिपोर्ट अजून दिलेला नाही. सोडा आता.”

हे सोडेनात.

“अहो नेहेते, सोडा. दुखतंय मला!”

आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दिवाळीपासून पहिल्यांदा हा माणूस हसला, आणि डॉक्टरांचं बोट आणखी घट्ट दाबलं.